साचा आणि चाळण

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुरुषमाणसाने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू नये, असा आमच्या घरचा अलिखित नियम आहे. गेल्या दिवाळीत तो मोडण्याची पाळी माझ्यावर आली. सौभाग्यवतीचा हात दुखत होता आणि शेवेच्या सोऱ्याची मूठ फिरवायला घरात दुसरे कोणी नव्हते. मी मोठ्या रुबाबात पाटावर बसलो. कढईत तेल तापले होते. दोन फेरे शेव झकास उतरली आणि तिसऱ्या फेऱ्याला सोऱ्या अडला. मी जोर लावला. मास्तरांची ही सवयच असते. मुलाला गणित येईना की आवाज चढवायचा आणि सोऱ्या फिरेना की जोर लावायचा.

"अहो, जोर लावू नका! ओवा अडकला असेल."

तिने सोऱ्या उघडला, चकती पाण्याखाली धरली आणि सुईने एकेक भोक मोकळे करू लागली. प्रत्येक भोकात ओव्याचा एकेक कण ठाण मांडून बसला होता.

"पूड चाळली नव्हतीस का?" मी विचारले.

"चाळली होती की! पण सासूबाईंच्या चाळणीने. ती रव्याची चाळण. चकती मात्र यंदा नवी आणली, बारीक शेवेची. चकतीचं भोक बघून चाळण उचलायची असते. माझ्या ते ध्यानातच आलं नाही."

तेवढ्यात ओसरीवरून हसण्याचा आवाज आला. माझा एक जुना विद्यार्थी दिवाळीच्या भेटीला येऊन बसला होता. त्याचे वडील इथल्या साखर कारखान्यात नोकरीला होते. हा पोरगा अंकुशनगरच्या धुळीत वाढला, शिकला आणि आता पुण्याला संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. तो म्हणाला, "काकू, तुम्ही आत्ता जे म्हणालात ना, त्याच्यावरच आमच्या हापिसात मागचा महिनाभर भांडण चाललं होतं."

शेवेवरून पुण्याच्या कचेरीत भांडण व्हावे, हे मला नवलाचे वाटले. मी हात धुऊन बाहेर आलो. सौभाग्यवतीनेही कढई उतरवली आणि दाराशी येऊन बसली. मग त्या पोराने जे सांगितले ते मला समजले तसे इथे मांडतो. त्यात कुठे चूक असेल तर ती मास्तराची आहे, विद्यार्थ्याची नव्हे.

प्रोग्रॅम लिहिताना प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी सांगून ठेवता येतो: हा आकडा, ही अक्षरे, ही तारीख. २०१२ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने टाइपस्क्रिप्ट नावाची भाषा बाहेर काढली, ती याच कामासाठी. प्रोग्रॅम चालू होण्याआधीच ही भाषा तो तपासते आणि चूक दाखवते. आकड्याच्या जागी कोणी अक्षरे घातली की ती तांबडी रेघ ओढते. हा झाला साचा. परंतु यात एक गंमत आहे. प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालू झाला की हे सगळे प्रकार पुसले जातात. वह्या तपासून मास्तर घरी निघून गेलेले असतात. आणि खरी माहिती तर त्यानंतर येते. कोणीतरी कुठेतरी मोबाइलवर अर्ज भरतो; वयाच्या रकान्यात नाव लिहितो, तारखेच्या रकान्यात 'माहीत नाही' असे लिहितो. त्या वेळी दारात कोणीच उभे नसते. म्हणून दुसरा पहारेकरी ठेवावा लागतो. तो आलेली प्रत्येक गोष्ट चाळून घेतो. ही झाली चाळण.

"मग दोन्ही ठेवा. अडचण काय आहे?" मी म्हणालो.

"सर, अडचण काकूंनी सांगितली तीच. साचा एकानं केला, चाळण दुसऱ्यानं. दोघांची गाठ कधी पडलीच नाही."

मग त्याने उसाचे उदाहरण घेतले. आमच्या भागात उदाहरण उसाचेच द्यावे लागते. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली, १९७६ साली ते पुरे झाले आणि डाव्या कालव्याचे पाणी इकडच्या शिवारात खेळू लागले. तेव्हापासून इथले पोर चालायच्या आधी ऊस ओळखते. उसाची लागण आडसाली, पूर्वहंगामी किंवा सुरू. आणि तोडल्यानंतर फुटतो तो खोडवा. साच्यात एवढे चारच शब्द बसायला हवेत, पाचवा नाही. पण नुसत्या शब्दावर भागत नाही. आडसाली म्हटले की लागण १५ जुलै ते १५ ऑगस्टची हवी. पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरची. सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारीची. हे काम चाळणीचे. आता समजा, साच्यात खोडव्याचा शब्द घातला आणि चाळणीत घालायचा राहिला. शेतकऱ्याने खोडवा म्हणून नोंद केली की साचा म्हणणार 'या, बसा' आणि चाळण म्हणणार 'तू कोण?' शेतकरी बिचारा दोघांच्या मध्ये उभा! त्याला वाटणार, चूक आपलीच.

यावर त्या लोकांनी जो उपाय काढला तो ऐकून मला आनंद झाला. कारण तो कोणत्याही शहाण्या गृहिणीला सुचेल असा आहे. वर्णन दोनदा लिहायचेच नाही. एकदाच लिहायचे आणि दुसरे त्यातून काढून घ्यायचे. २०२० साली आलेल्या झॉड नावाच्या साधनात चाळण आधी लिहितात आणि तिच्यावरून साचा आपोआप घडतो. पायथॉन भाषेसाठी २०१७ साली पायडँटिक निघाले. त्यात उलट, साचा लिहायचा आणि त्याच्यावरून चाळण तयार होते. तिसरीही एक रीत आहे. जेसन स्कीमासारख्या नमुन्यात सगळे नियम एका कागदावर लिहून ठेवायचे आणि साचा व चाळण दोन्ही त्या कागदावरून करून घ्यायच्या. रीत कोणतीही घ्या, मूळ एक. उद्या नियम बदलला तर एकाच जागी खोडायचे आणि एकाच जागी लिहायचे. उदाहरणही ताजे आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणे महाराष्ट्र शासनाने सक्तीचे केले: आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. आता राज्यात जितके अर्ज आणि जितक्या तपासण्या, तितक्या जागी हा बदल करायचा म्हणजे एखादी जागा राहणारच. मूळ एक असेल तर राहायला जागाच नाही.

"म्हणजे एक मूळ धरले की सगळे प्रश्न मिटले म्हणायचे," मी समाधानाने म्हणालो.

पोरगा थोडा थांबला. "नाही सर. मूळ एक असलं की सगळं जुळतं. खरं होतंच असं नाही."

तो सहज बोलला. पण शेवेचा पहिला घास माझ्या घशात अडकला. त्याला माहीत नव्हते, पण त्याने माझ्या एका जुन्या दुखण्यावर बोट ठेवले होते.

शाळेत एक मोठे रजिस्टर असते. आम्ही त्याला जनरल रजिस्टर म्हणतो. मूल शाळेत आले की त्यात ओळ पडते: नाव, आईवडिलांचे नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख. ही जन्मतारीख एकदा अंकात लिहायची आणि एकदा अक्षरात. कोणी अंकाशी खेळ केला तर अक्षरांनी चोर पकडावा, ही त्यातली युक्ती. मुलाचे शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र याच ओळीवरून तयार होते आणि पुढे जन्मभर तो कागद त्याच्याबरोबर फिरतो. २०१५ साली 'सरल' आली, मग यू-डायस प्लस आले. संगणक आला तरी मुळाशी ते जाडजूड रजिस्टर आहेच.

त्या ओळीचे वजन किती असते हे आमच्या अंबड तालुक्याला कोणी शिकवायला नको. २०२३ साली आरक्षणाच्या प्रश्नावर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली जुनी दप्तरे उघडली गेली. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या कागदांत उर्दू होती, मोडी होती. वाचणारे शोधून आणावे लागले. कुण्या विसरल्या गेलेल्या कारकुनाने किंवा पंतोजीने बोरूने लिहिलेला एक शब्द नातवंडे-पतवंडे शोधत होती. लिहिताना त्या माणसाच्या मनात काय असेल? बहुधा एवढेच, की दिवस मावळायच्या आत पान पुरे करावे.

मीही एकदा असेच पान पुरे केले होते.

२००४ सालचा जून. मी नोकरीत नवा होतो. शाळेच्या दारात प्रवेशासाठी रांग होती. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर येतात, कोप्या घालतात आणि हंगाम संपला की निघून जातात. त्यांतलेच एक कुटुंब त्या वर्षी इथेच राहिले होते. आईने मुलीला पुढे केले. चुणचुणीत पोर, डोळ्यांत धीटपणा. मी नेहमीचे प्रश्न विचारले.

"जन्म कधीचा?"

"पाडव्याची हाय गुर्जी. दिवाळीच्या पाडव्याची. उसाच्या फडातच झाली."

"कोणत्या साली?"

तिने बोटांवर हिशोब केला, गाळपाचे हंगाम मोजले आणि १९९८ ठरले. आता मला काय करायचे होते? १९९८ सालचे पंचांग शोधायचे आणि पाडव्याची इंग्रजी तारीख काढायची. गावात कोणाकडे तरी जुने पंचांग मिळाले असते. फार तर अर्धा दिवस गेला असता. पण रांग मोठी होती आणि माझ्या हाताला एक सवय लागली होती. ती मला एकट्याला लागलेली नव्हती. महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. इतकी मुले एका दिवशी जन्माला येत नसतात. शाळा जूनमध्ये उघडते आणि मास्तरांना तारीख हवी असते, एवढेच त्याचे कारण. मी लिहिले: १ जून १९९८. शेजारी अक्षरात लिहिले: एक जून एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. अंक आणि अक्षरे अगदी जुळली. जुळणारच, दोन्ही माझ्याच हाताची आणि दोन्ही सारखीच खोटी.

मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या पात्रांचे वाढदिवस मी मनाला येईल तसे ठरवतो आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. त्या दिवशी एका जिवंत माणसाचा वाढदिवस मी तितक्याच सहजपणे रचला.

पुढे आधार आले. पहिले आधार आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. दोन-तीन वर्षांत आमच्याकडेही शिबिरे लागली. तिथल्या पोराला त्या आईने पुन्हा तेच सांगितले: पाडव्याची. त्याने मोबाइलमध्ये बघितले आणि ऑक्टोबरातली खरी तारीख घातली. जे मी अर्ध्या दिवसाचे काम समजत होतो ते त्याने अर्ध्या मिनिटात केले.

म्हणजे एका मुलीचे आता दोन जन्म झाले. शाळेच्या कागदावर जूनचा, आधारावर ऑक्टोबरचा. चार वर्षे दोन्ही कागद एका पिशवीत गुण्यागोविंदाने राहिले. २०१६ साली ती बारावी झाली, परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायला निघाली आणि तिथे दोन तारखांची गाठ पडली. अर्ज अडला. सोऱ्या अडतो तसाच.

ती माझ्याकडे आली. मी जनरल रजिस्टर काढले. ओळ समोर होती, अक्षर माझे होते. पण मुलाने शाळा सोडली की ती तारीख मास्तराला आपल्या मनाने खोडता येत नाही. त्याला कागद लागतात, वरिष्ठांची परवानगी लागते, दिवस लागतात. आणि फडात झालेल्या जन्माचा कागद कुठून आणायचा? शेवटी जे झाले ते ऐकून वाचकांना हसू येईल की वाईट वाटेल, सांगता येत नाही. शाळेचा दाखला हाच पुरावा धरून आधारवरची तारीख बदलली. खरी तारीख खोडून त्या जागी खोटी आली. सगळे कागद जुळले. सगळ्या चाळण्यांतून ती तारीख खाली उतरली. तेवढ्यात प्रवेशाची मुदत टळून गेली होती. मुलीचे एक वर्ष गेले.

ती रडली नाही. जाताना फक्त म्हणाली, "सर, आईनं तर पाडवाच सांगितला होता ना?" या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिले नाही.

हे सारे मी त्या संध्याकाळी प्रथमच कोणापुढे बोललो. सौभाग्यवती गप्प झाली. पोरगाही बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, आधारच्या नंबराचा शेवटचा आकडा माहीत आहे? तो नुसता पहारेकरी असतो. व्हेरहॉफ नावाच्या एका डच गणितज्ञानं १९६९ साली ती रीत काढली. बारा आकड्यांतला एक जरी चुकला, किंवा शेजारचे दोन उलटसुलट पडले, तरी तो लगेच ओरडतो. पण तो नंबर दुसऱ्याच माणसाचा लिहिला, तर? तर तो गप्प बसतो. त्याला आकडे कळतात, माणूस कळत नाही. माणूस मुळाशी बसलेल्यालाच कळायला हवा."

मुळाशी बसलेला म्हणजे मी. सोऱ्या चांगला, चकती नवी, चाळण वस्त्रगाळ पुडीची. पण डाळच दुसरी दळून आणली असेल तर शेव सुरेख दिसेल, बेसनाची होणार नाही.

कायद्यालाही अखेर हे शहाणपण सुचले आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. २०२३ साली तो सुधारला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, सरकारी नोकरी, आधार या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखला हा एकच कागद ठरला. मास्तराच्या हातून ही सत्ता गेली. मला तिचे दुःख नाही. पण मूळ एक झाले की मुळाशी बसणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, दसपट होते. पूर्वी दहा जण दहा ठिकाणी चुकायचे आणि कुठे ना कुठे चूक उघडी पडायची. आता एकटा चुकला की चूक सगळीकडे सारखीच दिसणार. आणि सगळीकडे सारखी दिसणारी चूक लोकांना चूक वाटतच नाही.

लेख इथेच संपवला असता. पण यंदाच्या जूनमध्ये एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

प्रवेशाची रांग होती. पूर्वीइतकी मोठी नव्हे. एक बाई एका लहानग्या मुलीचा हात धरून समोर आली. मी वर पाहिले आणि ओळखले. तीच. एक वर्ष उशिरा का होईना, ती परिचारिका झाली होती. सोबतची मुलगी भावाची. भाऊ अजून तोडीला जातो, म्हणून पोरीला शाळेसाठी आजीजवळ ठेवायचे होते. तिने पिशवीतून जन्माचा दाखला काढला आणि माझ्यापुढे ठेवला. पण कागदावरचे बोट उचलले नाही.

"सर, आधी वाचा. मग लिहा."

मी वाचले. मोठ्याने वाचले, वर्गातल्या मुलासारखे. दिवस, महिना, साल. मग लिहिले. अंकात लिहिले, अक्षरात लिहिले, आणि लिहिलेले पुन्हा तिला वाचून दाखवले. तिने मान हलवली, तेव्हा कुठे बोट उचलले.

"सध्या कुठे असतेस?" मी विचारले.

"दवाखान्यात, सर. बाळंतपणाच्या खोलीत. जन्माची नोंद आता मीच लिहिते."

"कशी लिहितेस?"

ती हसली. "बाळ रडलं की आधी घड्याळ बघते. मग लिहिते."

रांगेतला पुढचा माणूस खाकरला. मी रजिस्टर पुढे ओढले, टोपण काढले आणि त्याच्याकडून दाखला मागून घेतला. घाई नव्हती. त्या दिवशी माझे पान संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी झाले.

आता दिवाळी आली आहे. स्वयंपाकघरातून हाक येण्याच्या आत मी चकती उजेडात धरून तिची भोके पाहून ठेवली आहेत. चाळण आज मी निवडणार आहे. आणि पाडव्याच्या दिवशी मला एका माणसाला वाढदिवसाचा निरोप धाडायचा आहे. कोणत्याही कागदावर तो दिवस आता लिहिलेला नाही. मला मात्र तो माहीत आहे.